विकायचं नाही, पाडायचं नाही: किसो खोऱ्यातला मुक्काम

मंगळवार: मागोमेचा चढ आणि घाट

ताईचा मुलगा जपानमध्ये नागोयाला नोकरी करतो. त्याच्याकडे उतरल्यावर क्योतो-ओसाका उरकून झालं आणि ताईने जाहीर केलं, "आता मला देवळंही नकोत आणि मॉलही नकोत. कुठेतरी खेड्यात पाठव." त्याला रजा नव्हती. त्याने किसो खोऱ्यातल्या एका जुन्या सराईत फोन करून खोली सांगून ठेवली, ताईच्या शाकाहाराचं पथ्य दोन-दोनदा समजावलं आणि आम्हा दोघी बहिणींना सकाळी आठच्या सुमारास गाडीत बसवून दिलं. मोठ्या बॅगा त्याच्याकडेच ठेवल्या. पाठीवर एकेक पिशवी, बस्स.

नागोयाहून 'शिनानो' एक्सप्रेसने नाकात्सुगावा पन्नासेक मिनिटांवर आहे. तिथून मागोमेची बस अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. मधल्या वेळात स्टेशनजवळ कुरीकिन्तोन घेतले. हे इथलं शरद ऋतूतलं पक्वान्न. उकडलेले चेस्टनट कुटायचे, साखर घालून आटवायचे आणि फडक्यात पिळून पुन्हा चेस्टनटचाच आकार द्यायचा. दूध नाही, तूप नाही, वेलची नाही. ताईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "साखर आपल्यापेक्षा निम्मी. म्हणून खाववतंय." एका पुड्याचे दोन झाले.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथून क्योतोला जायचे दोन मोठे रस्ते होते, एक समुद्राच्या बाजूने आणि दुसरा डोंगरांमधून. डोंगरातला तो नाकासेन्दो. सुमारे ५३० किलोमीटर लांबीचा आणि वाटेत मुक्कामाची ६९ गावं. सरदारांनी कुठे उतरायचं, त्यांच्या लवाजम्याने कुठे आणि साध्या वाटसरूने कुठे, हे सगळं ठरलेलं. घोडे आणि हमाल गावोगावी बदलायचे. १८६१ साली राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाशी, लग्न करायला क्योतोहून एदोला गेली ती याच वाटेने, हजारो माणसांचा ताफा घेऊन. या रस्त्यावरचं मागोमे हे ४३ वं गाव आणि त्सुमागो ४२ वं. दोन्हींमध्ये आठ किलोमीटरची पायवाट आहे.

मागोमे म्हणजे एक चढ. दगडी फरसबंदीचा रस्ता सरळ डोंगरावर जातो आणि दोन्ही बाजूंना दुकानं, पाणचक्की, फुलांच्या कुंड्या. दिसायला देखणं आहे, पण मी स्पष्टच सांगते, इथली घरं फार जुनी नाहीत. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव जळालं आणि नंतर पुन्हा उभं राहिलं. दहा वाजल्यानंतर पर्यटकांच्या बसही येऊ लागतात. तरी चढाच्या टोकावरून एना डोंगर दिसतो त्यासाठी, आणि गोहेइमोचीसाठी, तासभर थांबायलाच हवं. शिजवलेला भात कुटून काडीवर थापतात, अक्रोड-तीळ-सोया सॉसचा दाट रस लावून निखाऱ्यावर भाजतात. आम्ही घेतली ती लाडवांसारख्या गोळ्यांची होती; पुढे एका ठिकाणी चपटी, लांबट दिसली. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि ताईला निर्धास्तपणे चालणारी.

सामानाबद्दल एक सूचना. मागोमे आणि त्सुमागोच्या माहिती केंद्रांमध्ये बॅगा पोहोचवायची सोय आहे. सकाळी साडेअकराच्या आत बॅग द्यायची, दुपारी एकनंतर पलीकडच्या केंद्रातून घ्यायची. हिवाळ्यात ही सोय बंद असते. मात्र तुमचा मुक्काम ओत्सुमागो या वाडीत असेल, तर ती वाडी त्सुमागोच्या आधीच लागते. म्हणजे बॅग आणायला पुढे जाऊन परत मागे यावं लागतं.

मागोमेचा घाटमाथा ८०० मीटरच्या आसपास आहे. मागोमेकडून चढ थोडा आणि उतार जास्त, म्हणून गुडघे कुरकुरणाऱ्यांनी याच दिशेने चालावं. वाटेत ठिकठिकाणी लाकडी खांबाला पितळी घंटा टांगलेल्या आहेत. अस्वलांना आपली चाहूल लागावी म्हणून त्या जोरात वाजवायच्या. ताईने एकही घंटा सोडली नाही. देवळात शिरताना वाजवावी तशी हात उंच करून वाजवायची आणि वर पुटपुटायची काहीतरी. मागून येणारं एक फ्रेंच जोडपं तिचं बघून तसंच हात उंचावून वाजवायला लागलं.

माथा ओलांडला आणि पावसाची बुरबुर सुरू झाली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. मेपल लाल झालेले, त्यांच्या मागे हिनोकी या सूचिपर्णी झाडांचं गर्द हिरवं रान. या रानाचीही एक कथा आहे. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, किसोचं जंगल ओवारी संस्थानाचं होतं आणि हिनोकीसकट पाच जातींची झाडं तोडायला रयतेला बंदी होती. एका झाडाला एक मुंडकं, असा हिशेब लोक सांगतात. घराच्या दारात इमारती लाकूड उभं, आणि घर बांधायला ते वापरायचं नाही. इसेचं मोठं देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. पुढची पाळी २०३३ ची. त्याला लागणारं हिनोकी लाकूड आजही किसोतून जातं.

उतारावर जुन्या चहाघरात गावचे लोक आळीपाळीने बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट चहा देतात. आत चुलीचा धूर, बाकावर ओल्या छत्र्या. त्या दिवशी सत्तरीचे एक आजोबा होते. "इंदो?" त्यांनी विचारलं, कागदावर खूण केली आणि वाटीतली लोणच्याची फोड पुढे केली. मग कुणी न सांगता किसोचं एक लोकगीत म्हणायला लागले, टाळ्यांवर. त्यांचं संपल्यावर त्यांनी ताईकडे बोट दाखवलं. ताईने काही आढेवेढे घेतले नाहीत, सरळ ओवी म्हटली. आजोबांनी टाळ्या धरल्या, ताल चुकला, तो कुणालाच खटकला नाही. निघताना पेटीत आपल्याला वाटतील ते पैसे टाकायचे.

ओत्सुमागोतल्या आमच्या सराईत पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि उजेड ओसरायला लागला होता. अशा ठिकाणी पाचच्या आत पोहोचावं. जेवण सहाला मांडतात आणि उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाहीत.

घर दुमजली, काळपट लाकडाचं. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, दर्शनी भाग उभ्या लाकडी जाळ्यांचा. दारातून आत गेलं की आधी मातीची जमीन, मग गुडघाभर उंचीचा लाकडी ओटा. बूट ओट्याखाली, चप्पल घालून आत, ततामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, चप्पलही नाही, आणि संडासात वेगळी चप्पल. ताईला हे शिकवावं लागलं नाही. ती म्हणाली, "आजीच्या घरी याच्यापेक्षा जास्त सोवळं होतं."

मालकीणबाईंना सगळे ओकामीसान म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. वय पंचाहत्तरच्या पुढचं, पाठ थोडी वाकलेली, पायात भराभर चाल. मधल्या खोलीत जमिनीत चौकोनी खळगा करून केलेली चूल होती, इरोरी. छतापासून लोंबणाऱ्या सळईला किटली अडकवलेली आणि त्या सळईवर एक लाकडी मासा आडवा बसवलेला. तो मासा हलवला की किटली खाली-वर होते. मासा पाण्यातला, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारा, अशी समजूत. धुराने तो मासा इतका काळा आणि तुळतुळीत झाला होता की खवले बोटाने चाचपावे तेव्हाच कळत.

जेवायला इरोरीभोवती बसायचं. प्रत्येकापुढे बारक्या बारक्या वाट्या. माझ्या ताटात मीठ लावून भाजलेला इवाना मासा, डोंगरी भाज्यांचे तेम्पुरा (आपल्या भज्यांसारखे), गोडसर शिजवलेला कार्प आणि एका वाटीत सोया-साखरेत परतलेले नाकतोडे. हो, नाकतोडे. नागानो भागात ही जुनी चीज आहे. मी खाल्ले. कुरकुरीत, गोड, पाय दातात अडकतात. एरवी घेणार नाही, पण पुन्हा ताटात आले तर टाकणारही नाही.

ताईसाठी वेगळं ताट होतं: अळंब्या, रताळं, भोपळा, तोफू, कोन्न्याकू नावाची कंदाची जेली, आणि माशाच्या अर्काऐवजी समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या अळंब्यांवर उकळलेलं सूप. शाकाहारी वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावं. जपानमध्ये 'मासे-मटण नको' एवढं सांगून भागत नाही. सूप, सॉस, भाजीचा रस, सगळ्याच्या मुळाशी दाशी असते आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाची. "दाशीसुद्धा नको" हे वेगळं, आधी, शक्यतो फोनवर आणि जपानीत सांगावं. ऐनवेळी सांगितलं तर सराईतल्या बायका अवघडतात, कारण सकाळीच सगळं करून ठेवलेलं असतं.

आंघोळ जेवणाआधी. हिनोकीच्या लाकडी टबात कडकडीत पाणी, पण टबात शिरण्याआधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं. ते एकच पाणी रात्रभर सगळ्यांना पुरवायचं असतं, बूच काढायचं नाही. नंतर घालायच्या युकाताची, म्हणजे सुती झग्याची, डावी बाजू वर. उजवी वर फक्त मेलेल्या माणसाची ठेवतात. ताईने ते तीनदा तपासलं.

आता तक्रारी. भिंती म्हणजे कागदाच्या सरकत्या चौकटी. शेजारच्या खोलीतले गृहस्थ घोरत होते ते श्वासागणिक ऐकू येत होतं. खोलीत रॉकेलचा हीटर, तो झोपताना बंद करायचा, आणि पहाटे तापमान पाचाच्या आसपास. संडास जिना उतरून खाली. ओकामीसानने फुतोनमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या गादीत, गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, तिच्यावर रात्र निघाली. ज्यांना उशाशी चार्जर आणि खोलीत बाथरूम हवं त्यांनी इथे येऊन हिरमुसू नये, मागोमेहून परतीची बस धरावी.

बुधवार: त्सुमागो

सकाळी डोळे उघडले ते धुराच्या वासाने. खाली गेले तर ओकामीसान इरोरी पेटवून एका छोट्या सुती पुरचुंडीने ओट्याची कड घासत होत्या. पुरचुंडीत तांदळाचा कोंडा. कोंड्यातलं तेल लाकडात मुरतं आणि वर्षानुवर्षं घासून त्या कडेला आरशासारखी चमक आली होती. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी निःसंकोच दुसरी पुरचुंडी माझ्या हातात दिली. दहा मिनिटांत खांदा भरून आला.

आमचा संवाद फोनवरच्या भाषांतरावर आणि शेजारच्या घोरणाऱ्या काकांवर चालला होता. काका नागोयाचे निवृत्त इंजिनिअर, इंग्रजी चांगलं. त्यांनी समजावलं: पाहुणे नसले तरी इरोरी रोज पेटवतात. धुरातलं डांबर तुळया-वाशांवर बसतं, त्यामुळे कीड लागत नाही, आणि ऊब मिळून दमट हवा निघून जाते. माणसं निघून गेलेलं घर इथल्या पावसात थोड्या वर्षांत कुजायला लागतं. घराची डागडुजी करताना कुजलेला भाग कापून त्या जागी नवं लाकूड खाच करून बसवलं होतं. आमच्या खोलीच्या खांबाचा खालचा हातभर तुकडा त्यामुळे फिकट दिसत होता. सांधा लपवायचा प्रयत्न कुणी केलेला नव्हता.

ओत्सुमागोहून त्सुमागो भाताच्या खाचरांमधून वीसेक मिनिटं. गावात शिरताना रस्ता अचानक काटकोनात वळतो, पुन्हा वळतो. चाल करून येणाऱ्याला सरळ घुसता येऊ नये म्हणून अशी वळणं मुद्दाम ठेवत. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना मज्जाव आहे, विजेच्या तारा समोरून दिसत नाहीत, काही छपरांवर लाकडी फळ्यांवर दगड ठेवलेले. पोस्टाची पेटीदेखील लाल नाही, जुन्या पद्धतीची काळी.

हे सगळं टिकलं त्याचं पहिलं कारण गरिबी. १९११ साली चुओ रेल्वेमार्ग पुरा झाला आणि तो नदीच्या काठाने गेला, त्सुमागोला वळसा घालून. वाटसरू संपले, सराया ओस पडल्या, तरुण शहरात गेले. घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा नव्हता. १९६८ मध्ये गावाने आणि नागानो प्रांताने मिळून डागडुजी हाती घेतली, पहिल्या टप्प्यात २६ घरं दुरुस्त झाली. १९७१ साली गावकऱ्यांनी जाहीरनामाच केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारने जुन्या वस्त्यांच्या संरक्षणाची पहिली यादी केली तिच्यात त्सुमागो होतं. म्हणजे कायदा नंतर आला, गावाचा ठराव आधी.

हे वाचून पुण्याच्या पेठांची आठवण कोणाला येणार नाही? आमचा स्वतःचा वाडा सात भावकींच्या सह्या गोळा होऊन बिल्डरकडे गेला. तिथे 'पाडायचं नाही' म्हणणारं कुणी नव्हतं असं नाही, पण 'विकायचं नाही' म्हणणारं एकही नव्हतं.

ओकुया हे वाकी-होन्जिन, म्हणजे सरदारांच्या मुख्य सराईनंतरची दुसरी सराई. हे घर चुकवू नका. १८७७ साली ते नव्याने बांधलं, कारण हिनोकीवरची बंदी उठली होती. इतक्या पिढ्या ज्या लाकडाला हात लावता येत नव्हता ते लाकूड मालकांनी सढळ हाताने वापरलं. १८८० मध्ये सम्राट मेइजी इथे थांबून गेला. माहिती देणाऱ्या बाई आम्हाला इरोरीभोवती बसवून कोण कुठे बसायचं ते दाखवत होत्या. घरधनी एका बाजूला, त्याच्या बाजूला घरधनीण, समोर पाहुणे, आणि लाकडं रचलेल्या कोपऱ्यात धाकटी माणसं. ताई न विचारता घरधन्याच्या जागेवर बसली होती. बाई हसून म्हणाल्या, बसा, आता चालतं. जाळीच्या खिडकीतून आलेले उन्हाचे पट्टे धुरात उभे दिसत होते, फोटोवाले तेवढ्यासाठी येतात.

मुख्य होन्जिन मात्र मधल्या काळात पाडलं गेलं होतं. जुन्या नकाशांवरून ते १९९५ साली पुन्हा उभारलं. सगळं बिनचूक आहे, आणि तरी आत गेल्यावर मला पाय टेकवासे वाटले नाहीत. चूल पेटत नाही ना.

दुपारी सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) खाल्ला आणि त्यासोबत सुन्की. सुन्की हे किसोचं लोणचं, लाल सलगमाच्या पाल्याचं, आणि त्यात मीठ अजिबात नसतं. "मिठाशिवाय लोणचं टिकेल कसं?" ताईचा प्रश्न रास्त होता. पाला गरम पाण्यातून काढायचा, गेल्या वर्षीच्या सुन्कीचा थोडा भाग विरजण लावावं तसा मध्ये घालायचा आणि उबेत ठेवायचा. आंबटपणाच ते टिकवतो. समुद्र लांब, मीठ डोंगर चढवून आणायचं म्हणजे महाग, म्हणून ही युक्ती. चव थेट आंबट, ताकासारखी स्वच्छ. मोसम नोव्हेंबरपासून.

संध्याकाळी जेवताना ताईने पिशवीतून मेतकुटाची डबी काढली. दोन दिवस परदेशी सूप पिऊन तिला गरम भातावर तेच हवं होतं. ओकामीसान लगेच वाकून वास घ्यायला आल्या, चिमूटभर तळहातावर घेतलं, चाटलं, आणि आत जाऊन एक बरणी घेऊन आल्या. भाजलेल्या सोयाबीनचं पिवळसर पीठ, किनाको. दोघी दोन डब्या शेजारी ठेवून एकमेकींना काय काय भाजलंय ते हातवाऱ्यांनी सांगत बसल्या. हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, इथपर्यंत गाडी सुरळीत होती. हिंग आला आणि ओकामीसाननी नाक मुरडलं. पण नंतर स्वतःच्या भातावर त्यांनी दोनदा मेतकूट घेतलं, हे मी पाहिलंय.

त्यानंतर ताईने, जे मला विचारायचं धाडस नव्हतं, ते विचारलं: तुमच्यानंतर हे कोण चालवणार? काकांनी भाषांतर करताना जरा अडखळून घेतलं. ओकामीसान मात्र मोकळेपणाने बोलल्या. मुलगा नागोयाला, शनिवार-रविवारी येऊन लाकडं फोडून देतो. निवृत्त झाल्यावर येईन म्हणतो, त्याला अजून पंधरा वर्षं आहेत. "तेव्हा मी नव्वदीची. लाकडं त्यानेच फोडायची, घोळ मीच घालणार." सून काय म्हणते? सून म्हणते, हिवाळ्यात नको.

मला वाटलं, गावाच्या ठरावाची दुसरी बाजू ही आहे. बाहेरचा पैसेवाला आत येत नाही, चांगलंच. पण बाहेरचं हौशी तरुण जोडपं 'आम्ही चालवतो' म्हणालं, तरी वाट सोपी नाही.

गुरुवार: नागिसो, किसो-फुकुशिमा

ओकामीसाननी शिदोरी दिली: पानात गुंडाळलेले भाताचे गोळे, ताईच्या गोळ्यात खारवलेलं उमे, आलुबुखारासारखं आंबट फळ. पैसे रोख द्यायचे असतात. दोन जेवणांसह माणशी दहा-बारा हजार येनच्या आसपास धरून चाला आणि खेड्यात एटीएमच्या भरवशावर राहू नका.

त्सुमागो ते नागिसो स्टेशन बसने दहा मिनिटं, पायी तासभर. उतार असल्याने पायीच गेलो. ऊन स्वच्छ पडलं होतं, अंगणांमधून काकी फळं (पर्सिमन) सोलून दोऱ्यांना टांगलेली. नागिसोला नदीवर मोमोसुके पूल आहे, १९२२ सालचा झुलता पूल, लाकडी तक्तपोशीचा, २४७ मीटर लांब. वीजकेंद्र बांधताना सामान नेण्यासाठी तो उभारला होता. ताई मधोमध गेली आणि पूल हलतोय म्हणून कठड्याला धरून उभी राहिली. शाळेतली पोरं तिच्या बाजूने सायकली ढकलत गेली, तशी लाजून चालायला लागली.

लोकल गाड्या इथे तास-दोन तासांनी असतात. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, आणि त्यावर दिवस बेता.

किसो-फुकुशिमाला जुनी तपासणी चौकी पाहिली. नाकासेन्दोवरच्या कडक चौक्यांपैकी ही एक. दोन गोष्टींवर नजर असायची: एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका. सरदारांच्या बायका-मुलांना शोगुन एदोत ओलीस ठेवत असे, त्या निसटू नयेत म्हणून. बाईला प्रवासाचं वेगळं परवानापत्र लागे आणि तपासायला बाईच असे, केससुद्धा सोडून बघत. ताई म्हणाली, "म्हणजे आपल्या दोघींना इथूनच परत पाठवलं असतं." पुढे मिनिटभराने, "तुझ्या केसांना वेळ लागला नसता."

शुक्रवार: नाराई

गुरुवारी रात्रीपासून मुक्काम नाराईला. किलोमीटरभर लांब एकच सरळ गल्ली, दुतर्फा घरं, मध्ये मध्ये वाहत्या पाण्याच्या टाक्या. मागे तोरीई घाट, ११९७ मीटरचा. जुन्या वाटसरूंना हा किसोतला सगळ्यात कठीण टप्पा वाटायचा, म्हणून घाटाआधी-घाटानंतर टेकायला हे गाव भरभराटीला आलं. शेजारच्या हिरासावाचं लाखेचं काम इथल्या दुकानांत मिळतं. मी सूपाच्या दोन वाट्या घेतल्या. हाताने जोखलं तर हलक्या, कडा निमुळत्या, आणि दुकानदाराने आधी त्या घासणीने घासायच्या नाहीत हे बजावलं, मगच बांधून दिल्या.

नाराईत वेगळा मार्ग धरलाय. १७९३ साली सुरू झालेली आणि मध्ये बंद पडलेली साकेची (तांदळाच्या दारूची) भट्टी इथे २०२१ मध्ये बाहेरच्या भांडवलावर दुरुस्त झाली. एका भागात पुन्हा साके गाळतात, बाकी भागात उंची हॉटेल. आम्ही तिथे राहिलो नाही, दर बघूनच मागे फिरलो. आमची खोली होती गल्लीतल्या एका जुन्या घरात, तेही असंच नव्याने दुरुस्त केलेलं: जुन्या तुळया तशाच, फरशी गरम, खोलीतच बाथरूम, चावी नसून आकड्यांचं कुलूप. मालक समोर आलाच नाही, निरोप फोनवर. नाश्त्याला बाहेर बेकरी.

रात्री मस्त झोप लागली, हे कबूल करायलाच हवं. सकाळी मी ताईला विचारलं, परत यायचं तर कुठे? ती गरम फरशीवर पाय पसरून बसली होती.

"झोपायला इथे, जेवायला तिथे."

निवड करायची असेल तर माझा सल्ला असा: वयस्क आई-वडील सोबत असतील, थंडी सोसत नसेल, तर नाराई. दोन रात्री देता येणार असतील तर ओत्सुमागो. एका रात्रीत तिथे फक्त थंडी लक्षात राहते, घराची ओळख दुसऱ्या सकाळी होते. एप्रिलअखेर ते मेमध्ये रानभाज्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रंग आणि चेस्टनट. २३ नोव्हेंबरला त्सुमागोत जुन्या वेशभूषेतली मिरवणूक निघते, त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात.

नाराईहून मात्सुमोतो लोकलने तासाभराच्या आत, शिओजिरीला कधी गाडी बदलावी लागते. गाडीत बसल्या बसल्या ताईने मुलाला फोन लावला आणि मे महिन्यासाठी ओकामीसानकडे खोली सांगायला लावली. दोन अटी घातल्या. मेतकूट अर्धा किलो इथूनच पाठवायचं, आणि घोरणारे काका येणार नाहीत तो आठवडा विचारून घ्यायचा.